उन्हाळी शिबिराचे वेळापत्रक सावली पाहून आखावे

वार्षिक परीक्षा संपल्या की गावोगावी मुलांची उन्हाळी शिबिरे भरू लागतात. मल्लखांब, पोहणे, श्रमदान, समूहगान अशा उपक्रमांतून मुलांना शिस्तीचे व सहजीवनाचे शिक्षण मिळते. मात्र हाच काळ महाराष्ट्रात प्रखर उन्हाचा असतो. विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, त्याचे कारण हे ऊनच होय. शाळांच्या बाबतीत पाळले जाणारे हे तारतम्य शिबिरांच्या वेळापत्रकातही दिसले पाहिजे.

मुलांना धोका अधिक का?

वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते; त्यामुळे तापलेल्या हवेतील उष्णता त्यांच्या शरीरात लवकर शिरते. त्यांना घामही प्रौढांपेक्षा कमी येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळतो आणि शरीरातील पाणी घटल्याचे ध्यानात येत नाही. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही. त्यातच खेळात रमलेले मूल तहान विसरते आणि रांगेत उभे असलेले मूल पाणी मागण्यास संकोचते. म्हणून मुलांनी मागण्याची वाट न पाहता शिक्षकांनी दर वीस मिनिटांनी पाणी पाजणे अगत्याचे आहे.

सावलीची खूण

उन्हाची प्रखरता ओळखण्यास उपकरण लागत नाही. उभ्या मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली, की मैदानावरील कार्यक्रम थांबवावा. मे महिन्यात तर एके दिवशी मध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर येऊन सावली पायाखालीच नाहीशी होते. दुपारनंतर सावली लांबू लागली तरी तापलेली जमीन व हवा लगेच निवत नाही. यास्तव मैदानी खेळ सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ५ नंतर ठेवावेत. मधला वेळ हस्तकला, वाचन व विश्रांतीसाठी योजावा.

पोशाख व आहार

सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कान व मान झाकणारी रुंद काठाची टोपी असावी. पाण्याबरोबरच ताक, लिंबाचे सरबत किंवा कैरीचे पन्हे द्यावे. खिशात कांदा ठेवण्याची रूढी जुनी आहे. परंतु तिच्यावर विसंबून सावली व पाणी यांकडे दुर्लक्ष होऊ नये.

तातडीचे उपचार

डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसताच मुलाला सावलीत निजवावे. मूल असंबद्ध बोलू लागले, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. पण ती येईपर्यंत थांबून राहू नये. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे व वारा घालावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

यांपैकी कोणत्याही उपायास मोठा खर्च नाही. शिबिराची जागा निश्चित करताना मैदानाइतकेच झाडांच्या सावलीकडे व पिण्याच्या पाण्याकडे लक्ष दिले, तर मुले शिबिरातून आनंद व आरोग्य दोन्ही घेऊन घरी परततील.