द्रावकाचे वजन आणि जुलाबाची पुडी

"शेकडा ५ मिठाचे २०० ग्रॅम द्रावण करावयाचे आहे, तर पाणी किती घ्यावे?" हा प्रश्न आम्ही वर्गात घातला की बरीच मुले "२०० ग्रॅम" असे लिहून मोकळी होतात. विरघळते ते द्राव्य, ज्यात विरघळते ते द्रावक आणि दोन्ही मिळून द्रावण होय. २०० ग्रॅम हे दोहोंचे वजन आहे. त्यात मीठ १० ग्रॅम. ते वजा जाता पाणी १९० ग्रॅमच उरते. २०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ घातले तर द्रावण २१० ग्रॅम भरून संहती शेकडा ४.७६ येईल.

परीक्षेत यामुळे एखादा गुण जातो. आळंद, भालकी, बसवकल्याणकडे पहिल्या पावसात लेकरांना जुलाब लागतात, तेव्हा हाच हिशेब घरात उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे मोठ्या पुडीत ग्लुकोज १३.५, मीठ २.६, सोडियम सायट्रेट २.९ व पोटॅशियम क्लोराइड १.५ मिळून २०.५ ग्रॅम क्षार-साखर असते. द्रावक १ लिटर, म्हणजे सुमारे १००० ग्रॅम पाणी. द्रावण १०२०.५ ग्रॅम; संहती जेमतेम शेकडा २.

"औषध घट्ट तेवढे गुणकारी" असे समजून कित्येक घरी सगळी पुडी एका पेल्यात ढवळतात. पाणी २०० ग्रॅम, द्रावण २२०.५ ग्रॅम, संहती शेकडा ९.३! असे द्रावण रक्ताहून फार दाट असते. ते आतड्यात गेले की अंगातले पाणी उलट आतड्याकडे ओढले जाते व जुलाब वाढतात. रक्तातील मिठाचे प्रमाण चढून लेकराला झटकेही येऊ शकतात. उलटपक्षी पाणी फार झाले तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत.

१९७१ साली बंगालच्या सीमेवर बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ असता डॉ. दिलीप महालनबिस यांनी असेच मोजून केलेले द्रावण पाजून असंख्य जीव वाचविले. सलाईन अपुरे होते. मीठ, सोडा व ग्लुकोज मात्र मिळत होते.

तांब्या-लोट्याचे माप घरोघरी निराळे. म्हणून १ लिटरची स्वच्छ बाटली भरून, उकळून निवविलेले पाणी मोजावे व त्यात सबंध पुडी घालावी. अर्धी पुडी टाकू नये. भुकटीतले घटक सारखे विभागले जातीलच असे नाही. उरलेले द्रावण २४ तासांनी ओतून द्यावे. लेकरू सुस्तावले वा पिईनासे झाले तर दवाखाना गाठावा.

बाजारात लहान पुडीही मिळते. तिच्यात ४.१ ग्रॅम असल्यास ४.१ ला २०.५ ने भागून १००० ने गुणावे; पाणी २०० ग्रॅम येते. तिला मात्र पेलाच पुरतो.