खेळातील नियमभंग : शिक्षा कोणाला आणि किती?



आपल्या जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे गाव बहुतेकांना माहीत झाले ते दत्तू भोकनळ यांच्यामुळे. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या भागातला हा तरुण 2012 साली सैन्यात भरती झाला, तेथे नौका वल्हवायला शिकला आणि अवघ्या चार वर्षांत, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, एकेरी नौकानयनात तेरावा आला. पुढे 2018 च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी तीन सहकाऱ्यांसह चौघांच्या नौकेत सुवर्णपदक मिळवले. हे सर्व आपण कौतुकाने वाचले. त्यानंतर जे घडले ते मात्र अनेकांच्या नजरेतून सुटले, आणि आज त्यावरच थोडा विचार करावा असे आम्हाला वाटते.

सुवर्णपदकाच्या आदल्या दिवशी दत्तू एकेरी शर्यतीच्या अंतिम फेरीत सहावे, म्हणजे शेवटचे, आले होते. आपल्याला बरे नव्हते, असे त्यांचे म्हणणे. भारतीय नौकानयन महासंघाचे म्हणणे वेगळे होते : त्यांनी शर्यत मध्येच मुद्दाम सोडली. मार्च 2019 मध्ये महासंघाने बेशिस्तीबद्दल त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी 2020 मध्ये, म्हणजे सुमारे दहा महिन्यांनी, ती मागे घेतली. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

महासंघाची बाजू आधी पाहू, कारण शिक्षा करणाऱ्याला खलनायक ठरवणे सोपे असते. देशाच्या झेंड्याखाली उतरलेल्या खेळाडूने पदक हातचे जाताना दिसले की वल्ही खाली ठेवावीत, असा पायंडा पडला तर संघ चालणार कसा? शिस्त हवीच. पण वल्ही थांबली हे काठावरून दिसते. ती का थांबली, हे दिसत नाही. थकव्याने, तापाने, हताशेने की उद्याच्या शर्यतीसाठी दम राखायचा म्हणून? बाहेरून कृती एकच, आतून चार वेगळ्या. आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातही कृती घडली एवढ्यावर कोणी दंडास पात्र ठरत नाही. ती जाणूनबुजून किंवा दोषार्ह निष्काळजीपणाने केल्याचे गंभीर उत्तरदायित्व त्या व्यक्तीवर यावे लागते. 2021 साली या कायद्याचा दंडविषयक भाग सुधारण्यात आला, तेव्हा दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानावा हे त्यात स्पष्ट शब्दांत घातले गेले. (इतक्या उशिरा का, असे कोणी विचारले तर आमच्याकडे फारसे समाधानकारक उत्तर नाही.)

दुसरा प्रश्न मापाचा. दोन वर्षे ही मुदत सर्वांना सारखी नसते. कार्यालयातल्या माणसाची बढती दोन वर्षे लांबली तर ती पुढे मिळू शकते. खेळाडूचे ऐन उमेदीचे दिवस मोजके असतात. 2019 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियात जागतिक नौकानयन स्पर्धा झाली आणि टोकियो ऑलिंपिकमधील बऱ्याचशा जागा तेथेच ठरल्या. बंदीच्या त्या दहा महिन्यांत हीच स्पर्धा येऊन गेली. म्हणून शिक्षा लिहिताना नुसते महिने मोजून भागत नाही, त्या महिन्यांत काय जाणार आहे तेही पाहावे लागते.

तरीही महासंघाने आपलाच निर्णय फिरवला, याचे मोल आम्ही कमी मानत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या पाचव्या भागात एका पट्टीचे उदाहरण दिले आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे, त्यामुळे ओबडधोबड दगडाचेही नीट माप घेता येई. नियम सर्वांसाठी लिहिलेला असतो, पण समोर आलेले प्रकरण नेहमीच वेडेवाकडे असते. तेथे नियमाला थोडे वाकता आले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. आम्ही सेमिनरीत हे वाचले तेव्हा परीक्षेपुरते पाठ केले होते. पुढे धर्मग्रामात तंटे मिटवायची वेळ आली, तेव्हा ती पट्टी खरोखर हाती घ्यावी लागली.

दत्तू यांच्या प्रकरणात निदान एवढे तरी होते की ज्याच्यावर आरोप, शिक्षाही त्यालाच. सांघिक खेळात तेवढेही राहत नाही. गेल्या महिन्यात आपल्या युवक मंडळातील काही मुले आमच्याकडे आली, ती याच तक्रारीने. आंतरशालेय बास्केटबॉलच्या एका स्पर्धेत त्यांच्या संघातील एका मुलाचा जन्मदाखला खोटा निघाला. वयोगटापेक्षा तो दोन वर्षांनी मोठा होता. आयोजकांनी संघाला स्पर्धेतून बाद केले आणि पुढील वर्षीही प्रवेश नाही असे कळवले. बारा जणांचा संघ. अकरा जणांना दाखल्याचा पत्ताही नव्हता. "फादर, आम्ही काय केलं?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न फार मोठ्या मैदानांवरही विचारला गेला आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल हा आपल्याकडच्या क्रिकेटसारखा प्रचंड गर्दीचा आणि पैशाचा खेळ. तेथील केंटकी विद्यापीठाच्या काही नामवंत खेळाडूंना ऑक्टोबर 1951 मध्ये अटक झाली. 1949 साली सट्टेबाजांकडून पैसे घेऊन त्यांनी सामन्यातील गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवला होता. चौकशीत खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचेही पुढे आले आणि विद्यापीठाचा 1952-53 चा संपूर्ण हंगाम बंद करण्यात आला. पण सट्टेबाजांना सामील झालेले ते खेळाडू तोवर विद्यापीठ सोडून गेले होते. घरी बसावे लागले ते क्लिफ हेगन, फ्रँक रॅम्सी यांच्यासारख्या नंतरच्या मुलांना. पुढच्या हंगामात या संघाने पंचवीसपैकी पंचवीस सामने जिंकले. पण रखडलेल्या वर्षात मुख्य खेळाडूंचे पदवी शिक्षण पूर्ण झाल्यामुळे त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत खेळता येईना, आणि विद्यापीठाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप मात्र 1972 पर्यंत त्याच पदावर राहिले.

लुईव्हिल विद्यापीठाची गोष्ट त्याहून अलीकडची. तेथील एका कर्मचाऱ्याने, संघात येऊ पाहणाऱ्या मुलांना भुलवण्यासाठी, वसतिगृहात अनेक वर्षे लाजिरवाणे प्रकार चालवले होते. ते उघडकीस आल्यावर फेब्रुवारी 2016 मध्ये विद्यापीठाने स्वतःहूनच त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. आपणच आधी शिक्षा भोगली तर वरून येणारी शिक्षा हलकी होईल, हा त्यामागचा हिशेब. त्या संघात डेमियन ली आणि ट्रे लुईस हे दोघे होते. शिक्षणाचे शेवटचे वर्ष, आणि राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला मिळावे म्हणून दुसऱ्या विद्यापीठांतून नुकतेच आलेले. गैरप्रकार घडले तेव्हा दोघेही तेथे नव्हते. त्यांना पुढचे वर्षही नव्हते. हिशेब संस्थेचा आणि किंमत या दोघांची, असेच म्हणावे लागेल. (वरून यायची ती शिक्षा आलीच : 2018 मध्ये विद्यापीठाचे 2013 चे विजेतेपदही रद्द झाले.)

मग संघाला शिक्षा करूच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. केवळ एका माणसाला शिक्षा झाली की संस्था हात झटकून मोकळी होते. तो माणूस जातो, दुसरा येतो, आणि कार्यालयातील मंडळी पुन्हा दाखल्यांकडे डोळेझाक करतात. संघ जिंकला की शाळेचे नाव होते, प्रवेश वाढतात, देणग्या येतात. फायदा सर्वांचा आणि दोष एकाचा, हेही न्यायाला धरून नाही.

येथे संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. सुम्मा थिओलॉजिका या ग्रंथात ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. शिक्षा म्हणून शिक्षा ही फक्त ज्याच्या त्याच्या स्वतःच्या अपराधासाठी. पण काही वेळा माणसाला अपराधाशिवायही तोटा सोसावा लागतो, जर त्याला योग्य कारण असेल तर. औषध कडू असते तसा. मात्र औषधालाही मर्यादा आहे. टाच बरी करण्यासाठी कोणताही वैद्य डोळा निकामी करत नाही, हा दाखला त्यांचाच.

हा भेद आपल्या मुलांच्या प्रकरणाला लावून पाहू. चालू स्पर्धेतून संघ बाद झाला. आमच्या मते ते योग्यच झाले, आणि त्याला शिक्षा म्हणणेही बरोबर नाही. मोठ्या वयाच्या मुलाच्या जोरावर जे सामने जिंकले ते आपले नव्हतेच. समोरच्या संघाचे त्यांना परत गेले. चुकून खिशात आलेले दुसऱ्याचे पैसे परत करताना आपल्याला शिक्षा होत नाही, जरी खिसा हलका झाला तरी. या अकरा जणांना वाईट वाटेल, पण अन्याय झालेला नाही. पुढील वर्षाची बंदी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तेथे परत करण्यासारखे काहीच उरलेले नाही. ती शुद्ध शिक्षा आहे, आणि ती ज्यांच्या हातून काहीच घडले नाही त्यांच्यावर पडते. दाखला ज्याने बनवून आणला, ज्याने तो न पाहता सही केली, त्यांच्या वाट्याला काय आले? मुले सांगतात की त्यांचे प्रशिक्षक यंदा दुसरा संघ घेऊन उतरणार आहेत. अमेरिकेत प्रशिक्षकाने नोकरी बदलली तरी त्याच्यावरील निर्बंध नव्या विद्यापीठात त्याच्या पाठोपाठ जाऊ शकतात. आपल्याकडील स्थानिक स्पर्धांतून असे काही करायला फार खर्च येईल असे वाटत नाही. एक वही आणि आयोजकांची आपसांत देवाणघेवाण एवढे पुरेल.

दुसऱ्यांना उपदेश करताना आपल्याच घरातले एक उदाहरण लपवणे बरे नव्हे. इंग्लंडचा राजा जॉन आणि पोप तिसरे इनोसंट यांच्यात कँटरबरीच्या आर्चबिशपपदावरून वाद झाला, तेव्हा 1208 साली पोपमहोदयांनी संपूर्ण इंग्लंडवर धर्मबंदी घातली. सहा वर्षे चर्चची दारे लोकांसाठी बंद होती. बालकांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचा पापस्वीकार एवढे वगळता जवळजवळ सर्व थांबले. मृतांना पवित्र भूमीत जागा मिळेना. हट्ट राजाचा, आणि आपल्या आईला दफनभूमीबाहेर पुरावे लागले ते एखाद्या खेडुताला. एखाद्या प्रदेशावर अशी सरसकट बंदी घालण्याची तरतूद 1917 च्या धर्मसंहितेपर्यंत टिकून होती. 1983 च्या संहितेत ती उरली नाही. आज अशी बंदी येते ती व्यक्तीवर. यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात बापाच्या पापाचा भार मुलावर टाकू नये असे एवढ्या ठामपणे मांडले असताना, आम्हा मंडळींना तेथवर पोहोचायला बरीच शतके लागली.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए हिनेही जानेवारी 2022 मध्ये स्वीकारलेल्या आपल्या नव्या घटनेत, गैरप्रकाराशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्यांवर शक्यतोवर शिक्षेचा भार पडू नये, असे लिहून घेतले. आपल्याकडे मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उलटे घडले. भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले, आणि गोकुलम केरळच्या मुली स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचल्या असताना न खेळताच परतल्या. अकरा-बारा दिवसांत निलंबन उठले. स्पर्धा त्यांच्यासाठी थांबली नाही.

आपल्या धर्मग्रामाची युवक स्पर्धा नाताळच्या सुट्टीत आहे आणि तिची नियमावली अजून पक्की झालेली नाही. खोट्या दाखल्याबद्दल चालू स्पर्धेतील निकाल रद्द करावा, पुढील बंदी संघावर न घालता दाखला देणाऱ्या आणि तपासणाऱ्या मोठ्या माणसांवर घालावी, आणि बंदी घातलेल्याला सहा महिन्यांनी फेरविचारासाठी अर्ज करता यावा, असा मसुदा आम्ही युवक मंडळाकडे दिला आहे. त्या बाराव्या मुलाचे काय करायचे, यावर मात्र मंडळात एकमत नाही. काहींच्या मते त्याला सर्व ठाऊक होते. काही म्हणतात, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने वडिलांनी पुढे केलेला कागद नाकारावा अशी अपेक्षा करणे कठीण. त्याच्याशी अजून कोणीच बोललेले नाही. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात बैठक आहे. पालकांनी, विशेषतः ज्यांची मुले खेळतात त्यांनी, अवश्य यावे. त्याआधी त्या मुलाच्या घरी आम्ही स्वतः जाऊन येऊ.