फोर-व्हील ड्राइव्हची डिझेल गाडी : एका बालरोगतज्ज्ञाचा अनुभव

औषध लिहून देताना आपण तीन गोष्टी पाहतो : ते केव्हा द्यावे, केव्हा देऊ नये आणि त्याचे दुष्परिणाम कोणते. २०२१ साली मी फोर-व्हील ड्राइव्हची डिझेल गाडी घेतली. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूस, बालकांच्या तपासणीसाठी मी तीच नेतो. आपले अनेक सभासद अशी गाडी घेण्याच्या विचारात असतात. म्हणून त्याच क्रमाने हा अनुभव मांडीत आहे.

केव्हा वापरावी : साध्या गाडीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. त्यांतील एक चिखलात घसरू लागले, की डिफरन्शियलच्या रचनेमुळे तेच गरगर फिरते आणि दुसरे जागीच राहते. फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यावर ट्रान्सफर केसमधून पुढच्या चाकांनाही शक्ती मिळते. ‘फोर-लो’मध्ये वेग घटतो व चाकांवरचा जोर वाढतो. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देते. त्यामुळे तांबड्या मातीचा निसरडा चढ अॅक्सिलरेटर न दाबता, सावकाश चढता येतो.

केव्हा वापरू नये : कोरड्या डांबरी रस्त्यावर ही जोडणी लावू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. माझ्या गाडीसारख्या ‘पार्ट-टाइम’ प्रकारात पुढचे व मागचे शाफ्ट एकमेकांस जखडलेले असल्याने हा फरक भरून निघत नाही आणि सर्व ताण यंत्रावर पडतो.

दुसरे, ही यंत्रणा गाडी पुढे नेण्यास मदत करते. ब्रेक लावल्यावर गाडी लवकर थांबावी यासाठी तिचा उपयोग नाही. ओल्या रस्त्यावर वेग कमीच हवा. चोर्ला घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये कधीही टाकू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच वेग आवरावा. अन्यथा ब्रेक तापून निकामी होऊ लागतात.

तिसरे, वाहते पाणी. सुमारे ६० सेंटीमीटर खोल प्रवाह बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतो. मग कितीही चाकांना शक्ती मिळो, ती टेकायला जमीनच उरत नाही. एका जुलैत पलीकडच्या वस्तीवर तीन दिवसांचे, कावीळ झालेले बाळ होते. फरशीवरून पाणी वाहत होते, तिची कड दिसत नव्हती. मी अलीकडेच थांबलो. आशाताईंना फोन लावून बाळ दूध ओढते का, हालचाल कशी आहे, पिवळेपणा तळपायांपर्यंत गेला आहे का, हे विचारून घेतले. दोन तासांनी पाणी ओसरल्यावर बाळ-बाळंतिणीला घेऊन बेळगावला आलो. प्रकाशोपचाराने बाळ सुधारले. ते दोन तास फार कठीण गेले. पण गाडी वाहून गेली असती तर त्या बाळापर्यंत कोणीच पोहोचले नसते.

दुष्परिणाम : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश निश्चित कर्ककारकांत केला. मुलांचा श्वसनदर आपल्यापेक्षा अधिक, फुप्फुसे वाढीस लागलेली आणि नाक धुराड्याच्या उंचीच्या जवळ. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सिक्स मानकांमुळे नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. मात्र साठलेली काजळी जाळण्यास उच्च तापमान लागते. रोज घर ते दवाखाना असे दोन-तीन किलोमीटरच चालविल्यास ती तुंबते. म्हणून गावात मी स्कूटर वापरतो आणि गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवून आणतो. दवाखान्याच्या वा शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून थांबू नये, ही पालकांनाही विनंती.

याहून तातडीचा धोका अंगणातला आहे. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ सेंटीमीटर. अशा गाडीच्या उंच बॉनेटपुढे बसलेले मूल चालकास दिसतच नाही. मागचा कॅमेराही पुढचे दाखवीत नाही. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी आणि घरातील मुलाचा हात कोणा मोठ्या माणसाने धरलेला पाहूनच निघावे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलास पट्टा वा बालआसन आवश्यक आहे. आडव्या बाकांवर पट्ट्याविना मुले बसवू नयेत. मांडी हे बालआसन नव्हे.

सारांश, ज्यांना पावसाळ्यात कच्च्या रस्त्याने वारंवार जावे लागते, त्यांनी ही गाडी जरूर घ्यावी. ज्यांचा व्यवसाय शहरातच आहे, त्यांना लहान पेट्रोल गाडी पुरेशी आहे. कोणतीही घेतली, तरी निघण्यापूर्वीची ती फेरी चुकवू नये.