अपघातानंतरची वाट

मुलांनो, 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एक बस उलटली आणि पेटली. 25 जण मरण पावले. आठ जण वाचले.

बातमी लवकर जुनी होते. वाचलेल्या माणसाचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे टिकू शकते. भाजलेली कातडी भरून येताना आखडते आणि सांधा नीट वाकत नाही. म्हणून रोज व्यायाम करावा लागतो. पाय कापावा लागला, तर कधी कधी नसलेला पायही दुखतो. कारण मेंदू त्याला विसरलेला नसतो. कुणी रात्री दचकून उठतो, कुणी बसमध्ये चढायला घाबरतो. हे ढोंग नव्हे. हीसुद्धा जखमच आहे आणि तिच्यावरही इलाज असतो.

नर्तकी सुधा चंद्रन यांनी 1981 मधील अपघातानंतर एक पाय गमावला. त्यांनी ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय बसवून घेतला. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो तयार केला होता. तो लावून मांडी घालता येते, अनवाणी चालता येते. खूप सराव करून सुधाताई पुन्हा नाचू लागल्या. 1985 च्या ‘मयूरी’ चित्रपटात त्यांनी स्वतःचीच कथा साकारली.

प्रत्येकाला असे जमेलच असे नाही. कुणासाठी जिना चढणे हाच मोठा विजय असतो. तुमच्या वर्गात असा मित्र असेल, तर त्याच्याकडे टक लावून पाहू नका. “अजून बरा नाही झालास?” असे विचारू नका. त्याच्या चालीने चाला. मदत हवी का, हे त्यालाच विचारा.

शब्दार्थ : आखडणे – आकसणे; ढोंग – खोटे सोंग; सराव – पुन्हा पुन्हा करणे.