सायंकाळचा दीड तास

दिवेलागणीस मुलांनी घरी असावे, असा आपल्याकडे दंडक होता. आज त्या वेळी मुले घरीच असतात; तरीही ती घरात आहेत असे म्हणवत नाही. कोणी जिन्यावर, कोणी गच्चीवर, प्रत्येकाचे डोळे हातातील फोनवर. आपल्या सभासद कुटुंबांतून हे गाऱ्हाणे वारंवार आमच्या कानी येते, आणि त्याचा शेवट बहुधा मुलांच्या हट्टीपणास बोल लावण्यात होतो. तो बोल कितपत न्याय्य आहे, याचा येथे थोडा विचार करू.

पोथीचा अध्याय संपतो, समाप्तीचे शब्द येतात आणि पोथी फडक्यात बांधली जाते. समाजमाध्यमांस अशी समाप्ती नाही. २००६ साली अझा रस्किन या अमेरिकी रचनाकाराने पान न संपता नवा मजकूर खालून सतत येत राहील अशी योजना केली. ती सर्वत्र रूढ झाल्यावर त्याने स्वतःच तिजबद्दल खेद व्यक्त केला. २००९ साली फेसबुकने पसंतीची खूण आणली आणि मुलांच्या छायाचित्रांखाली आकडा उभा राहू लागला. वर्गात आपण कोणास आवडतो हे पूर्वी अदमासाने कळे. आता ते मोजून कळते, आणि तेही सर्वांसमक्ष. चौदाव्या वर्षी असा आकडा मनास किती जड होतो, हे ज्यांस आपले ते वय आठवते त्यांस सांगावयास नको. जाहिरातींवर चालणाऱ्या या कंपन्यांस मात्र मूल जितका वेळ गुंतून राहील तितका लाभच.

हे कंपन्यांस ठाऊक नव्हते असेही नाही. २०२१ साली फ्रान्सेस हॉगन या फेसबुकमधील माजी कर्मचारी बाईंनी तेथील अंतर्गत कागद उघड केले. आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असता इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यांत होती. एकटेपणात या माध्यमाचा आधार वाटतो असे सांगणारी मुलेही होती, हे नमूद केले पाहिजे. सरसकट विष म्हणून प्रश्न सुटत नाही.

मग मुलाने फोन बाजूस का ठेवू नये? आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथेच आहे. सारा वर्ग अंगणात खेळत असता एकाच मुलास घरात बसविले, तर त्यास ती शिक्षा वाटेल. आजचे अंगण फोनमध्ये आहे. थट्टा, रुसवेफुगवे, उद्याचे बेत, सारे तेथेच ठरते. जो तेथे नसेल तो दुसऱ्या दिवशी शाळेत परका ठरतो. एकट्याने सोडणे कठीण, सर्वांनी मिळून सोडणे मात्र तितके कठीण नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने हे ओळखले. महामारीत शिकवणीसाठी हाती आलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेने ठराव केला. सायंकाळी सातला देवळावरील भोंगा वाजतो आणि साऱ्या गावातील फोन व दूरचित्रवाणी बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजतो. आरंभी टवाळी झाली. शिक्षक व अंगणवाडीसेविका घरोघर फिरल्या. परंतु सारा गावच थांबत असल्यामुळे, आपण कशास तरी मुकत आहो असे कोणाही मुलास वाटावयाचे कारण उरले नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्यानेच बंदी केली आहे. दोन्ही उपायांची जात निराळी. आम्हांस वडगावचा अधिक भावला, कारण तेथे वडीलधाऱ्यांचेही फोन बंद होतात.

गेल्या महिन्याच्या सभेत हा विषय निघाला, तेव्हा मागील रांगेतून एका मुलीने विचारले, “आणि आरतीच्या वेळी तुमचे फोन वर असतात, त्यांचे काय?” सभेत कोणी बोलले नाही. आम्हीही नाही, आमच्या फोनात त्याच आरतीची तीन छायाचित्रे होती, आणि त्यांस किती पसंत्या पडल्या हे आम्ही रात्री पाहिले होते.

येत्या गुरुवारपासून सायंकाळी सात ते साडेआठ सभामंडपाच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेविली जाईल. मुलांनी पत्ते, बुद्धिबळ, पेटी-तबला जे हवे ते आणावे. लाकडी पेटीत पहिला फोन आपला पडेल, असे कार्यवाहांनी कबूल केले आहे. तो किती वाजतो, हे सर्वांस ठाऊकच आहे.