कार्ड छत्तीसगडचं, इलाज नागपुरात

प्रश्न : आमच्या घरी धुणीभांडी करणारी बाई राजनांदगावची. तिला मुतखड्याचं ऑपरेशन सांगितलंय. तिच्याकडे गावचं आयुष्मान कार्ड आहे, पण 'ते इथं चालत नाही, गावाला जा' असं सगळे म्हणतात. खरं का?
— एक वाचक, कळमना, नागपूर

उत्तर : ताई, तिला गावाला धाडण्याची घाई करू नका. 2018 पासून सुरू असलेली आयुष्मान भारत योजना राज्याच्या सीमेवर थांबत नाही. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार देशातल्या कोणत्याही संलग्न रुग्णालयात मिळू शकतो. कार्ड आणि आधार घेऊन तिला रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे न्या. अंगठा लावला की नाव यादीत आहे का, किती रक्कम शिल्लक आहे, ते कळतं. मात्र कार्ड फक्त छत्तीसगड सरकारच्या स्वतःच्या योजनेचं असेल तर इथं अडचण येऊ शकते. म्हणून भरती होण्याआधीच विचारा. 14555 वरही माहिती मिळते.

ओपीडीच्या गोळ्या-औषधांचा खर्च यात धरत नाहीत. कार्ड 'चालू करून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आयुष्मान कार्ड चाललं नाही, तर महाराष्ट्राची जनआरोग्य योजना आहे, पण ती इथलं रेशनकार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र मागते. ते नसेल, पण बाईचा नवरा बांधकामावर असेल आणि वर्षात 90 दिवस काम भरलं असेल, तर कामगार मंडळात नोंदणी करायला सांगा. नोंदणी जिवंत असलेल्या बांधकाम कामगारांना या योजनेत स्थान आहे. आणि काहीच जमलं नाही तरी मेडिकल, मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं आहेतच. रांग लांब, पण खर्च खासगीपेक्षा कितीतरी कमी.