शब्द समजून घेऊ : ‘राइट ऑफ’

सख्यांनो, मोबाईलवर सिबिलचा अहवाल उघडला आणि जुन्या कर्जापुढं ‘रिटन ऑफ’ दिसलं, की काही जणी खूश होतात. ‘बँकेनं कर्ज सोडलं!’ थांबा जरा. हा शब्द फसवा आहे. पुढं शेळीसाठी नाहीतर पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा तोच आडवा येईल.

‘राइट’ म्हणजे लिहिणं. त्याला ‘ऑफ’ जोडलं की अर्थ पार बदलतो. ही काही इंग्रजीचीच खोड नाही. आपणही ‘जमीन लिहून घेतली’ आणि ‘जमीन लिहून दिली’ म्हणतो. लिहिणं तेच, पण एकीच्या घरी सातबारा आला आणि दुसरीचा गेला. तसं ‘राइट डाऊन’ म्हणजे लिहून ठेवणं, आणि ‘राइट ऑफ’ म्हणजे पैसे येण्याची आशा नाही म्हणून हिशेबातून काढणं, बुडीत धरणं. सरकारी कागदात यालाच ‘निर्लेखित’ म्हणतात.

पण हिशेब कुणाचा? बँकेचा. मेख इथंच आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. (पीककर्जाचा नियम वेगळा, तो हंगामावर चालतो.) मग बँक आपल्या नफ्यातून तरतूद करते आणि काही वर्षांनी ते कर्ज ताळेबंदातून काढते. तुमचं देणं मात्र तसंच राहतं. वसुलीला माणूस येऊ शकतो, नोटीसही येऊ शकते.

माफीचा शब्द ‘वेव्ह’. बोलताना लोक त्यालाही ‘ऑफ’ लावतात, म्हणून कानाला दोन्ही सारखंच वाटतं. २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आठवा. याद्या लागल्या, आधार प्रमाणीकरणाला अंगठा दिला, पैसे सरकारनं बँकेला दिले. राइट ऑफमध्ये तुमच्या वतीनं कुणीच भरलेलं नसतं.

आपल्याला हवा तो शब्द ‘पे ऑफ’, म्हणजे फेडून टाकणं. मग अहवालात ‘क्लोज्ड’ येतं. तडजोडीनं कमी भरलं तर ‘सेटल्ड’ येतं, आणि तेही नवं कर्ज देणाऱ्याला खटकतं.

तेव्हा शाखेत जाऊन बाकी किती ते लेखी मागा. भरलं की बेबाकी दाखला घ्या आणि अहवाल दुरुस्त करायचा अर्ज द्या. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आता आपल्या गटाचं. अंबड-घनसावंगीकडची एखादी ताई ऊसतोडीला जाते, हप्ते थकतात, आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘राइट ऑफ करून टाका.’ तेव्हा सचिव ताईंना तिथंच विचारा, माफ करायचं की नुसतं बुडीत धरायचं? आणि इतिवृत्तात सरळ मराठीत लिहा : ‘वसुली चालू राहील’ किंवा ‘वसुली सोडली’.